शपथ राजाची, देश कोणाचा?

(मंचाच्या मासिक बैठकीत झालेल्या भाषणाचा हा मजकूर. त्या दिवशी ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी तो बोलण्याच्या भाषेतच ठेवला आहे.)



आजचा विषय आहे ब्रिटिश राजसत्तेचं बळ आणि तिची लोकप्रियता. निमंत्रणाची ई-मेल गेल्यावर एक-दोघांनी विचारलं, की आपल्यासारख्या पुरोगामी मंचावर राजा-राणीच्या गोष्टी कशाला? प्रश्न रास्त आहे. कोणत्या युवराणीने कोणता झगा घातला यात मलाही रस नाही. पण इथे बसलेल्यांपैकी बरेच जण टाउन हॉलमध्ये उभे राहून शपथ घेऊन या देशाचे नागरिक झाले आहेत, आणि काही जणांच्या समारंभाची तारीख यायची आहे. नागरिकत्वाचे हे समारंभ २००४ साली सुरू झाले. पहिला लंडनच्या ब्रेंटमध्ये झाला आणि त्याला तेव्हाचे युवराज, म्हणजे आताचे राजे, स्वतः हजर होते. त्या शपथेत दोन पर्याय मिळतात. देवाला साक्ष ठेवून बोला, किंवा देवाचं नाव न घेता गांभीर्याने प्रतिज्ञा करा. आपल्यातले नास्तिक अर्थातच दुसरा पर्याय निवडतात. पण दोन्ही पर्यायांत पुढचं वाक्य सारखंच आहे: राजे तिसरे चार्ल्स, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याशी मी एकनिष्ठ राहीन. देव वगळता येतो, राजा वगळता येत नाही! या देशाच्या लोकशाही मूल्यांचा मान राखण्याची गोष्ट त्यानंतर, वेगळ्या वचनात येते.

म्हणजे आपण नक्की कोणाशी काय कबूल केलं? त्याचं उत्तर शोधायचं तर हा सगळा इतिहास चाळावा लागतो.

शाळेतल्या पुस्तकांतून आणि इथल्या टीव्हीवरून कळणारी गोष्ट साधारण अशी आहे. पूर्वी राजे फार सत्ता गाजवायचे. १२१५ मध्ये सरदारांनी जॉन राजाकडून मॅग्ना कार्टावर शिक्का मारून घेतला. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवलं. अकरा वर्षं राजाशिवाय काढल्यावर १६६० मध्ये त्याच्या मुलाला परत बोलावलं. १६८८-८९ मध्ये आणखी एक राजा पळवून लावला आणि हक्कांचा कायदा केला. मग हळूहळू सत्ता पार्लमेंटकडे गेली, राजा नामधारी झाला आणि लोकांचा लाडका झाला.

यातलं खोटं काही नाही. पण ‘हळूहळू सत्ता गेली’ हे वाक्य फार गुळगुळीत आहे. सत्ता कुठे गेली, कोणाच्या हाती गेली आणि किती उरली हे ते सांगत नाही. मला आज मुख्यतः त्यावर बोलायचं आहे. जाता जाता एक गंमत सांगतो. १६६० नंतरच्या त्या दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर हुंड्यात मुंबई मिळाली, हे आपल्याला ठाऊक आहे. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. राजाची मालमत्ता आणि देशाची मालमत्ता यांत फरक करायची पद्धत तेव्हा नव्हती. ती अजूनही पुरती रुळलेली नाही, त्याकडे मी नंतर येतो.

आधी सत्तेचं पाहू. पार्लमेंटने मंजूर केलेलं विधेयक शेवटचं नाकारलं ते ॲन राणीने, १७०८ साली. पंतप्रधानाला स्वतःच्या मर्जीने घरी पाठवणारा शेवटचा राजा चौथा विल्यम, साल १८३४. त्याचाही डाव फसला. काही महिन्यांतच निवडणुकीच्या निकालापुढे मान तुकवून त्याला तोच मेलबर्न परत घ्यावा लागला. त्यानंतर राजाने उघडपणे असं काही केलेलं नाही.

आता लोकप्रियता. ती राजसत्तेइतकीच जुनी असावी असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात चौथा जॉर्ज १८३० मध्ये वारला तेव्हा ‘द टाइम्स’ने लिहिलं, की ज्याच्या जाण्याचं इतकं कमी दुःख झालं असा दुसरा माणूस झाला नसेल. हा मृत्युलेख होता, बरं का! त्याने १८२१ मध्ये स्वतःच्या राज्याभिषेकाला स्वतःच्या राणीला दारातून हाकललं होतं आणि लोक राणीच्या बाजूचे होते. व्हिक्टोरियाचा १८३८ चा राज्याभिषेकही गोंधळाचाच झाला. तालीम नव्हती, अंगठी भलत्याच बोटात जबरदस्तीने घातली गेली, आणि एक वृद्ध सरदार पायऱ्यांवरून गडगडत खाली आला. आज जो घड्याळाच्या काट्यावर चालणारा थाट आपण पाहतो, तो तेव्हा नव्हता. डेव्हिड कॅनडाइन या इतिहासकाराने १९८३ मध्ये एका गाजलेल्या निबंधात हे सविस्तर दाखवलं: हा ‘हजार वर्षांचा’ थाट मुख्यतः १८७० नंतरचा आहे, आणि राजाच्या हातातली सत्ता जसजशी कमी होत गेली तसतसा तो वाढवला गेला. व्हिक्टोरियाच्या अंत्ययात्रेत, १९०१ मध्ये, विंडसरला घोड्यांचा साज तुटला म्हणून नौसैनिकांनी तोफगाडा हाताने ओढला. पुढच्या राजांच्या वेळी तीच ‘परंपरा’ झाली. आपल्याकडच्या कित्येक ‘सनातन’ प्रथांचं मूळ शोधलं तर असंच काहीतरी तुटलेलं हाताला लागेल.

१८७० च्या आसपासचा काळ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथे जरा थांबतो. १८६१ मध्ये प्रिन्स आल्बर्ट वारला आणि व्हिक्टोरियाने स्वतःला कोंडून घेतलं. वर्षानुवर्षं ती लोकांसमोर फारशी आलीच नाही. १८६४ मध्ये कोणा थट्टेखोराने बकिंगहॅम राजवाड्याच्या कुंपणावर ‘ही वास्तू भाड्याने किंवा विकत देणे आहे’ अशी पाटी लावली. मुलांच्या लग्नासाठी आणि नेमणुकांसाठी पार्लमेंटकडे पैसे मागणं मात्र चालू होतं. १८७० मध्ये फ्रान्समध्ये प्रजासत्ताक आलं आणि इकडेही गावोगावी रिपब्लिकन क्लब निघाले. १८७१ मध्ये एक पुस्तिका गाजली. तिचा सवाल एवढाच होता, की राणी एवढ्या पैशांचं करते काय? त्याच वर्षी सर चार्ल्स डिल्क या खासदाराने न्यूकॅसलला भाषण करून प्रजासत्ताकाची बाजू उघड मांडली.

आणि मग युवराजाला टायफॉइड झाला. खरोखर तेवढंच झालं. डिसेंबर १८७१ मध्ये तो मरणाच्या दारातून परत आला, फेब्रुवारी १८७२ मध्ये सेंट पॉल्समध्ये आभाराची प्रार्थना झाली आणि रस्त्यावर माणसांचा पूर लोटला. महिन्याभरात डिल्कने राजघराण्याच्या खर्चाची चौकशी मागितली तेव्हा ठराव २७६ विरुद्ध २ मतांनी पडला. दरबारी मंडळी आणि राजकारणी यांनी यातून धडा घेतला: राजसत्तेला युक्तिवादाने वाचवता येत नाही, मिरवणुकीने वाचवता येतं. वॉल्टर बॅजट या पत्रकाराने १८६७ मध्येच ते मांडून ठेवलं होतं. राज्ययंत्रणेचा एक भाग काम करतो, दुसरा भाग लोकांना भारावून टाकतो. राजा दुसऱ्या भागात. लोक त्याच्याकडे बघत राहतात आणि काम करणारे शांतपणे काम करतात. बॅजटने हे कौतुकाने लिहिलं. मला मात्र त्यात हातचलाखीचं वर्णन दिसतं. सगळ्यांचं लक्ष एका हाताकडे, आणि पत्ता दुसऱ्या हातात.

या मिरवणुकीचा सर्वांत मोठा मंडप आपल्याकडे घातला गेला. १८७६ मध्ये डिझरायलीने कायदा करून राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी केलं आणि १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरला. दक्षिणेत, आपल्या दख्खनसकट, तेव्हा भयंकर दुष्काळ चालू होता. त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसं मेली असा अंदाज आहे. त्या दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, गेले. अंगावर हाताने विणलेली खादी, आणि हातात मानपत्र. त्या मानपत्रात मागणी होती, की राणीच्या इंग्रज प्रजेला जो दर्जा आहे तोच आम्हाला द्या. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात समान वागणुकीचं वचन होतं, त्याची ती आठवण होती. त्या पिढीचा डावपेच असा होता: कंपनी वाईट, साहेब वाईट, पण राणी चांगली, आणि राणीचा शब्द साहेबाला दाखवायचा. आज भाबडं वाटेल, पण दुसरा कागदच हातात नव्हता.

अकरा वर्षांनी, १८८८ मध्ये, राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात होता. त्याच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि त्याला सांगितलं, की इथे दागिने घालून बसलेल्यांवरून तुमच्या आईच्या प्रजेची कल्पना करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे. आणि १८९७ मध्ये, प्लेगच्या बंदोबस्ताने पुणं हैराण असताना, गणेशखिंडीत राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ झाला. त्या रात्री परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. चापेकरांचं राजकारण आणि फुल्यांचं राजकारण एकमेकांपासून किती लांब, हे या मंचाला सांगायला नको. पण तिघांनीही आपलं म्हणणं मांडायला राणीचाच समारंभ निवडला, कारण बाकी सगळा कारभार बंद दाराआड चालायचा. समारंभाचं दार तेवढं उघडं असायचं. आपल्या आज्या-पणज्या ‘राणी छाप’ रुपये गाठीला बांधून ठेवत, ‘राणीचं राज्य’ म्हणत. ती लोकप्रियता होती का? नाणं चांदीचं होतं, एवढं मात्र खरं.

आता या गोष्टीत एक माणूस आणायचा आहे. त्याचं नाव आपल्या मंडळींना फारसं ठाऊक नसतं, आणि ते असायला हवं. चार्ल्स ब्रॅडलॉ. नास्तिक, १८६६ मध्ये नॅशनल सेक्युलर सोसायटीची स्थापना करणारा, लंडनच्या रिपब्लिकन क्लबचा अध्यक्ष. १८८० मध्ये तो नॉर्दॅम्प्टनमधून निवडून आला आणि म्हणाला, मी देवावर विश्वास ठेवत नाही, मला शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या. सभागृहाने नकार दिला. मग तो म्हणाला, ठीक आहे, शपथ घेतो. त्यालाही नकार, कारण नास्तिकाच्या शपथेला अर्थ नाही! त्याला बिग बेनच्या मनोऱ्यातल्या कोठडीत एक रात्र डांबलंसुद्धा. मतदारांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिलं, सभागृह पुन्हा पुन्हा बाहेर काढत राहिलं. १८८६ मध्ये त्याला एकदाची जागा मिळाली आणि १८८८ मध्ये त्याच्याच प्रयत्नाने प्रतिज्ञेचा पर्याय देणारा कायदा झाला. टाउन हॉलमध्ये आपण देवाचं नाव न घेता उभे राहतो, ती वाट या माणसाने घालून दिली आहे. तो ‘हिंदुस्थानचा खासदार’ म्हणून ओळखला जायचा. १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला हजर होता. १८९१ मध्ये वारला तेव्हा अंत्यविधीला लंडनमधले अनेक हिंदी तरुण गेले होते, त्यात मोहनदास गांधी नावाचा कायद्याचा एक विद्यार्थीही होता.

देवाला पर्याय मिळवून देणाऱ्या ब्रॅडलॉलासुद्धा राजाला पर्याय मिळवता आला नाही. तो लढा त्याच्या हयातीतच विझला होता.

विसाव्या शतकाबद्दल थोडक्यात बोलतो, कारण ते तुम्ही सिनेमांत आणि नेटफ्लिक्सवर पाहिलं आहे. पाचव्या जॉर्जने १९१७ मध्ये जर्मन आडनाव टाकून ‘विंडसर’ घेतलं, आणि सख्ख्या मावसभावाला, रशियाच्या झारला, इथे आसरा मिळू नये म्हणून पडद्याआडून खटपट केली, कारण इथले कामगार भडकतील अशी भीती होती. राजसत्तेला नात्यापेक्षा टिकून राहणं महत्त्वाचं असतं. १९३२ मध्ये रेडिओवरून नाताळचं भाषण सुरू झालं. १९३६ मध्ये आठव्या एडवर्डला लग्नापायी गादी सोडावी लागली. १९४० मध्ये राजवाड्यावर बॉम्ब पडले आणि राजा लंडन सोडून गेला नाही म्हणून लोकांचा झाला. १९५३ चा राज्याभिषेक दोन कोटींहून अधिक लोकांनी टीव्हीवर पाहिला. आणि एक कमी माहीत असलेली गोष्ट: १५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत स्वतंत्र भारताचा राजा सहावा जॉर्जच होता. आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील स्वतंत्र भारतात जन्मले ते राजाचे प्रजाजन म्हणून. मग आपण राज्यघटना लिहिली आणि तो विषय संपवला. ते सगळं शांतपणे झालं आणि कॉमनवेल्थमध्ये राहूनही झालं. राजा गेला तर देश कोसळेल असं सांगणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. राजाच्या हातून गेलेली सत्ता सगळीच्या सगळी पार्लमेंटकडे आली असा आपला समज असतो. बरीचशी आली. पण एक मोठा तुकडा सरळ पंतप्रधानाच्या खिशात गेला. त्याला ‘रॉयल प्रेरॉगेटिव्ह’, राजाचे विशेषाधिकार म्हणतात. युद्ध पुकारणं, तह करणं, पासपोर्ट देणं, हे सगळं आजही त्या अधिकाराखाली होतं. आपल्या खिशातला तो गडद निळा पासपोर्ट कोणत्या कायद्याने मिळालेला हक्क नाही, तो विशेषाधिकारातून मिळालेला कागद आहे. २००३ मध्ये इराकवर जाण्याआधी पार्लमेंटमध्ये मतदान झालं खरं, पण ते घेणं कायद्याने बंधनकारक नव्हतं. आपल्यातले काही जण त्या फेब्रुवारीत लंडनच्या मोर्चात चालले होते. त्यांना ही गोष्ट अजून बोचत असेल.

याहून स्पष्ट उदाहरण चागोस बेटांचं. हिंदी महासागरातल्या या बेटांवरच्या दीड-दोन हजार लोकांना १९६८ ते १९७३ या काळात ब्रिटिश सरकारने उठवून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन टाकलं, कारण दिएगो गार्सिया अमेरिकेला लष्करी तळासाठी द्यायचं होतं. २००० मध्ये इथल्या हायकोर्टाने ती हकालपट्टी बेकायदा ठरवली. मग सरकारने काय करावं? पार्लमेंटकडे न जाता जून २००४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या बैठकीत राणीच्या हुकमाने त्यांच्या परतण्याला पुन्हा बंदी घातली. चर्चा नाही, मतदान नाही. २००८ मध्ये लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी तो हुकूम उचलून धरला. त्या बेटवाल्यांच्या बाबतीत राजसत्ता ‘नामधारी’ होती असं कोणी म्हणावं? नाव राणीचं होतं, निर्णय मंत्र्यांचा होता, आणि दोघांपैकी कोणालाच जाब विचारता आला नाही.

२०१९ मध्ये हाच प्रकार सगळ्या देशाने पाहिला. बोरिस जॉन्सन यांनी सल्ला दिला आणि राणीने पार्लमेंट पाच आठवड्यांसाठी स्थगित केलं. राणी नाही म्हणू शकली असती का? प्रथेप्रमाणे नाही. मग पंतप्रधानाला अडवणारं कोण? शेवटी सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवली. राजा हा राज्यघटनेचा राखणदार आहे, असं जे आपल्याला ऐकवलं जातं, त्याची परीक्षा त्या दिवशी झाली. वापरायचा नसलेला अधिकार राखणदारी करू शकत नाही.

सत्तेचा दुसरा तुकडा मात्र घराण्याने स्वतःकडेच ठेवला आहे, आणि तो दिसत नाही. विधेयक मंजूर झाल्यावर होणारी सही सगळ्यांना ठाऊक असते. पण विधेयक चर्चेत असतानाच, ते राजाच्या मालमत्तेवर किंवा अधिकारांवर परिणाम करणार असेल, तर आधी त्याची वेगळी संमती घ्यावी लागते. ‘गार्डियन’ने २०२१ मध्ये कागदपत्रं धुंडाळून दाखवलं, की एलिझाबेथच्या कारकिर्दीत हजाराहून अधिक विधेयकं अशी राजवाड्याकडे गेली, आणि १९७३ मध्ये राणीची खासगी गुंतवणूक उघड होऊ नये म्हणून राणीच्या वकिलांनी मसुदा बदलून घेतला. माहितीच्या अधिकाराचा कायदा आपल्याला इथे फार कामाचा आहे. पण राजा आणि वारस यांच्याशी झालेला सरकारी पत्रव्यवहार आता त्यातून पूर्णपणे वगळला आहे. चार्ल्स युवराज असताना मंत्र्यांना लिहीत ती पत्रं मिळवायला एका वर्तमानपत्राला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं आणि निकाल लागायला २०१५ उजाडलं.

आणि मालमत्ता. राजाकडून राजाकडे जाणाऱ्या संपत्तीवर इनहेरिटन्स टॅक्स नाही. आपल्याकडचे चार्टर्ड अकाउंटंट इथे मान हलवताहेत, त्यांना विचारा आपल्याला किती भरावा लागतो! लँकेशरमध्ये कोणी मृत्युपत्र न करता आणि वारस नसताना वारलं, तर त्याची संपत्ती सरकारी खजिन्यात जात नाही, राजाच्या डची ऑफ लँकेस्टरकडे जाते. प्रेस्टन-ब्लॅकबर्नकडचे डॉक्टर मित्र इथे आहेत. मृत्युपत्राचं मनावर घ्या.

मला कोणी म्हणेल, लोकांना हे चालतं ना? मग तुमचं काय? हा आक्षेप मी हलका धरत नाही. नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स इथे राजे आहेत आणि तिथे आपल्यापेक्षा जास्त समता आहे. उलट आपला भारत प्रजासत्ताक असून कोणत्या पक्षात घराणेशाही नाही ते शोधावं लागतं. राजकारणातली भक्ती माणसाला कुठे नेते, याचा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात देऊन ठेवला आहे. मुकुट काढला की भक्ती जाते असं नाही. पण मुकुट ठेवला की तिला कायमचं घर मिळतं, आणि भक्तीच्या घरात हिशेब विचारणं वाईट दिसतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

शिवाय लोकांना चालतं म्हणजे किती? अनेक वर्षं इथल्या पाहण्यांत प्रजासत्ताक हवं म्हणणारे साधारण पाचातला एक असत. डायना १९९७ मध्ये गेली आणि राजवाड्यावर झेंडा अर्ध्यावर का नाही म्हणून देश चिडला, तेव्हाही त्यात मोठा फरक पडला नाही. पण आतून पाया झिजतो आहे. राजसत्ता ‘फार महत्त्वाची’ असं मानणारे १९८३ मध्ये जवळपास दोन तृतीयांश होते. २०२३ मध्ये ते तिनातल्या एकापेक्षाही कमी झाले. तरुणांमध्ये आणखी कमी. राजवाड्याला हे उत्तम समजतं. १९९२ मध्ये विंडसरला आग लागली, दुरुस्तीचा खर्च जनतेने का करायचा म्हणून ओरड झाली, आणि राणीने पुढच्या वर्षापासून इन्कम टॅक्स भरायला सुरुवात केली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये राजाने भावाची ‘प्रिन्स’ ही पदवी काढून घेतली, ती लोकांचा संताप पाहूनच. म्हणजे लोकमत चालतं! पार्लमेंटमधून चालत नाही, तर हूट उठवूनच चालतं, हा त्यातला दोष.

तर पुन्हा शपथेकडे. ज्यांची तारीख यायची आहे त्यांनी मला विचारलं आहे, की मनात नसताना हे शब्द उच्चारावेत का? मी स्वतः उच्चारले, प्रतिज्ञेच्या पर्यायातून, आणि समोरच्या तसबिरीकडे न बघता. व्हिसाची टांगती तलवार डोक्यावर असताना कोणी तत्त्वासाठी नागरिकत्व नाकारावं असं मी सांगणार नाही. कॅनडात तीन जणांनी याच प्रश्नावर दावा लावला होता. २०१४ मध्ये ओंटारिओच्या अपील कोर्टाने तो फेटाळला, पण निकालात म्हटलं, की ही निष्ठा त्या व्यक्तीशी नाही, त्या देशाच्या राज्यपद्धतीशी आहे, आणि शपथ घेतल्यावर राजसत्तेला असलेला आपला विरोध जाहीरपणे सांगायला माणूस मोकळा आहे. तो निकाल इथे लागू नाही. पण त्यातलं म्हणणं मला पटतं आणि मनाला थोडं हलकं करतं.

आणखी एक उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. तिथे १९९४ पासून नवे नागरिक ऑस्ट्रेलियाशी आणि तिच्या जनतेशी निष्ठा सांगतात. राणीचं नाव त्यांनी शपथेतून काढून टाकलं. १९९९ च्या सार्वमतात त्यांनी राजसत्ता ठेवायचं ठरवलं, आणि तरीही शपथ बदलून राहिली. राजा त्यांचा आणि आपला एकच आहे. म्हणजे यासाठी राजसत्ता जायची वाट बघायची गरज नाही. आपली शपथ १९८१ च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्टच्या पाचव्या परिशिष्टात आहे. आपल्या खासदाराला पत्र लिहायचं असेल तर एवढा संदर्भ पुरेल. मसुदा मी तयार करून आणला आहे, सह्यांसाठी मागच्या टेबलावर चहाच्या थर्मासशेजारी ठेवला आहे. ज्यांचा अर्ज अजून होम ऑफिसमध्ये आहे, त्यांनी सही केली नाही तरी कोणी काही म्हणणार नाही.

आता प्रश्न विचारा.